काटेमोरीचं गोत्र

मालवणच्या किनाऱ्यावर दुपार कलली, होड्या लागल्या आणि लिलावाची हाकाटी सुरू झाली, की मुग्धा सामंत टोपल्यांमधून वाट काढत हिंडायची. गेली बावीस वर्षं. गावातल्या सागरी प्राणी संग्रहालयाची ती प्रमुख. पण किनाऱ्यावर ती होती 'मोरीवाली बाई'. मोरी म्हणजे शार्क. कुणाच्या जाळ्यात अनोळखी मोरी आली, की ती विकायच्या आधी बाईंना दाखवायची, असा शिरस्ताच पडला होता. मुग्धा वाकायची आणि अंगठा शेपटाकडून डोक्याकडे ओढायची. शार्कच्या कातडीवर सुरमईसारखे खवले नसतात, दातांसारखे बारीक कण असतात. डोक्याकडून हात फिरवला तर रेशीम, उलट फिरवला तर कानस. त्या खरखरीवरून, मग दातांवरून, मग कल्ल्यांच्या फटी मोजून ती नाव सांगायची. मिनिटभर लागायचं. चुकायची नाही.

२०४४ सालच्या फेब्रुवारीत तिचा नवरा कौस्तुभ किनाऱ्यावर आला तो जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र घेऊन. कौस्तुभ संगणकातला माणूस. होडीत बसला की त्याला उलट्या व्हायच्या, त्यामुळे लग्नाच्या अठरा वर्षांत तो समुद्रावर तीनदा गेला असेल. लोक त्याला 'बाईंचो घोव' म्हणून ओळखत आणि बाईंच्या नवऱ्याला जेवढा मान द्यायचा तेवढा देत.

त्याने टोपल्या धुतलेलं पाणी एका पेल्यात घेतलं, यंत्रात ओतलं आणि वाट बघत उभा राहिला. अकरा मिनिटांनी पडद्यावर त्रेचाळीस नावं उमटली. सुरमई, बांगडा, तीन प्रकारची चपटी पाकटं, हातोडीसारख्या डोक्याच्या कानमुशीची पिल्लं, दोन जातींच्या मोऱ्या. शेवटी मांजर, कुत्रा आणि माणूससुद्धा.

"बाईंनू," चंद्राक्का कुबल कमरेवर हात ठेवून हसली. साठी उलटलेली ही बाई मुग्धाची किनाऱ्यावरची सगळ्यात जुनी ओळख. "तुमच्या घोवान हात पण लावक नाय, आणि सगळा सांगल्यान!"

सगळे हसले. मुग्धाही हसली. पण तेवढ्यात लोकांचं कडं तिच्याभोवतून सरकून कौस्तुभभोवती गेलं. तिच्या हातात एका मोरीची शेपटी तशीच राहिली आणि तिचं नाव तिला कुणी विचारलं नाही.

त्या यंत्राला 'वंशवाचक' म्हणत. त्यामागचं शास्त्र तसं साधं होतं. पाण्यात राहणारा प्रत्येक प्राणी आपल्या मागे काहीतरी सोडत जातो: कातडीचा कण, चिकट स्राव, विष्ठा. त्यात त्याची जनुकं असतात आणि ती काही दिवस पाण्यात तरंगत राहतात. यंत्र ती जनुकं अक्षरं लावावीत तशी वाचायचं आणि आधी माहीत असलेल्या प्राण्यांच्या अक्षरांशी ताडून पाहायचं. कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत, कोण दहा पिढ्यांपलीकडचा, हे त्यावरून कळायचं. पाणी वाचणारी यंत्रं पूर्वीही होती, पण ती प्रयोगशाळेत आठवडा घ्यायची. कौस्तुभने ते काम डब्यात आणि अकरा मिनिटांत आणलं, आणि लवकरच चौदा बंदरांवर असे डबे बसले.

मात्र ताडून पाहायला आधी कुणीतरी प्राण्यांची ओळख पटवलेली असावी लागते. ती मुग्धाने पटवली होती. दोन वर्षं ती आणि कौस्तुभ संग्रहालयातल्या कपाटांसमोर बसून एकेका बाटलीतल्या माशाचा कण कापत होते. ती नाव सांगायची, तो लिहून घ्यायचा. ते दिवस तिला फार सुखाचे वाटले होते. आपण दोघं मिळून काहीतरी करतो आहोत, असं तिला वाटलं होतं.

मग वार्ताहर यायला लागले. कौस्तुभ प्रत्येकाला सांगायचा, "ह्यातलं अर्धं काम मुग्धाचं आहे." ते मान डोलवायचे आणि फोटो त्याचा काढायचे. पुण्याहून आलेल्या एका मुलीने मुग्धाला मोठ्या आदराने विचारलं, "मॅडम, सर घरी कसे असतात?"

"झोपतात," मुग्धा म्हणाली.

कौस्तुभला ह्यातलं काही दिसत नव्हतं, आणि त्याचंच तिला जास्त लागायचं. त्याने तिचं काही चोरलं असतं तर भांडता आलं असतं. तो तर प्रत्येक सभेत तिचं नाव घ्यायचा. तो भाषण करताना ती पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची. टाळ्या किती वेळ वाजल्या, ते ती मनात मोजायची. आपण इतक्या क्षुद्र आहोत हे पन्नाशीला टेकल्यावर कळावं, ह्याची तिला लाज वाटायची. आणि लाज वाटूनही ते थांबायचं नाही.

मार्च संपता संपता एका सकाळी कौस्तुभ चहाचा कप तसाच ठेवून पडवीत आला. "मुग्धा, जरा बघ हे. माझं चुकतंय का सांग."

त्याने भिंतीवर शार्कांचा वंशवृक्ष पाडला. त्यात एका ठिकाणी नुसती फांदी होती. टोकाला नाव नव्हतं.

पाणी आलं होतं ते खोल कड्यावरून. मालवणपासून शंभर-सव्वाशे किलोमीटर आत समुद्राचा तळ एकदम खचतो, तिथून. त्या कड्यावरचा गाळ खनिजांसाठी उपसायची परवानगी एका कंपनीने मागितली होती, आणि त्याआधी तिथे काय काय राहतं ते तपासायचं काम कौस्तुभच्या गटाकडे आलं होतं. सात ठिकाणच्या पाण्यात तीच अक्षरं सापडली होती. जगातल्या कुठल्याही ओळखीच्या शार्कशी ती जुळत नव्हती.

मुग्धा भिंतीजवळ गेली. हा वृक्ष तिला आपल्या तळहातासारखा पाठ होता. विद्यार्थ्यांना ती नेहमी सांगायची, की 'मासा' हा शब्दच फसवा आहे. देवमासा नावाने मासा, पण तो आपल्यातला, पिल्लांना दूध पाजणारा. आणि सुरमई आणि मोरी एका टोपलीत शेजारी पडल्या तरी सुरमईला मोरीपेक्षा माणूस जवळचा. कारण सुरमईला हाडं आहेत, आपल्याला हाडं आहेत. मोरीच्या अंगात हाड औषधालाही नाही. तिचा सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या नाकाचा शेंडा ज्याचा असतो त्याचा. चाळीस कोटी वर्षांपूर्वीच ही मंडळी वेगळी निघाली. कणा असलेल्या प्राण्यांत कूर्चामत्स्यांचा हा वर्गच निराळा. त्यात पाकटं एकीकडे, शार्क एकीकडे. शार्कांचे नऊ गण, आणि त्या गणांची दोन घराणी. वाघमुशी, कानमुशी, अवाढव्य बहिरी मोरी, हे सगळे एका घराण्यातले. दुसरं घराणं खोल पाण्यातलं, थंड, फारसं कुणी न पाहिलेलं. ह्या दुसऱ्या घराण्यात पाचाऐवजी सहा-सात कल्ल्यांच्या फटी असलेला एक जुनाट गण आहे, आणि पाठीवरच्या परांपुढे, म्हणजे पोहायच्या पंखांपुढे, काटे असलेला दुसरा.

बिननावाची फांदी ह्या दोघांच्या मधून निघाली होती.

"ही नवी जाती नाही, कौस्तुभ," ती हळू आवाजात म्हणाली. "नवं कुलही नाही. हा गणच नवा आहे. दहावा."

"मला तेच वाटलं. पण तू म्हटल्याशिवाय मी कुणाशी बोललो नाही." त्याचे डोळे चमकत होते. "आणि ऐक. पूर्वी प्राणी हातात असल्याशिवाय नाव देता यायचं नाही. गेल्या वर्षीपासून नियम सैल केलाय. जनुकांवरूनही नाव देता येतं. मी ठरवलंय. तुझं नाव द्यायचं."

"माझं?"

"मुग्धाई! लॅटिन थाटात. कायमचं. शंभर वर्षांनीसुद्धा लोक म्हणतील."

प्राण्याच्या शास्त्रीय नावापुढे नाव देणाऱ्याचं आडनाव लागतं, हे शास्त्रातलं प्रत्येक पोर जाणतं. मुग्धाने विचारलं, "आणि नाव देणारं कोण?"

"मी. म्हणजे आमचा गट. तुला लेखकांत घेता येणार नाही ना. स्वतःचंच नाव स्वतः दिल्यासारखं दिसतं. पण पुढे 'सामंत' असंच लागणार की. तू पण सामंतच."

"तो सामंत तू असशील, कौस्तुभ."

तो हसला. त्याला तो विनोद वाटला. मुग्धानेही ओठ ताणले. बावीस वर्षं तिने एकच स्वप्न पाहिलं होतं: एक, फक्त एक प्राणी असा सापडावा, की ज्याच्या नावापुढे आपलं आडनाव लागेल. आणि आता होडीत उलट्या करणारा हा माणूस, ज्याने एकाही मोरीच्या तोंडात बोट घातलेलं नव्हतं, तो प्राण्याला नाव देणार होता. आणि ती त्या नावात बसणार होती, हळदीकुंकवाला बोलावलेल्या सवाशिणीसारखी, नटून.

"छान आहे," ती म्हणाली. "चहा गार झाला तुझा."

त्या दिवशी ती संग्रहालयात गेली ती डोक्यात एकच विचार घेऊन. यंत्राला प्राण्याची जागा कळते, रूप कळत नाही. रूप मला कळतं. तिने कागद घेतला. फांदी सहा फटीवाल्यांच्या आणि काटेवाल्यांच्या मधून निघते; म्हणजे ह्या प्राण्याला फटी सहा असाव्यात. पाठीवर दोन पर, आणि परांपुढे काटे. काटेवाल्यांना नसतो तो पोटाकडचा मागचा पर ह्याला असावा. असलं मिश्रण जिवंत शार्कांत कुणी पाहिलेलं नाही...

पेन्सिल थांबली. पाहिलेलं होतं.

ती उठली. मागच्या खोलीत, टाकाऊ नमुन्यांच्या कपाटात, तळाच्या फळीवर. हात आत घालताना तिला कुठली बाटली ते नेमकं आठवत होतं. हातभर लांबीची, काळपट, मोठ्या डोळ्यांची शार्क फॉर्मॅलिनमध्ये वाकून बसली होती. मुग्धाने बाटली उजेडात धरली आणि नख काचेवर टेकवून फटी मोजल्या. सहा. दुसऱ्या बाजूला सहा. पाठीवर दोन काटे. पोटाकडे मागचा पर.

बाटलीवर चिठ्ठी होती, तिच्याच अक्षरात. सप्टेंबर २०२२. 'काटेवाल्या गणातील विकृत नमुना. वर्गीकरणास निरुपयोगी.'

तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, नोकरीला सहा महिने झाले होते. पुस्तकात असा प्राणी नव्हता, म्हणून तिने पुस्तक खरं धरलं आणि प्राणी खोटा ठरवला. निरुपयोगी म्हटल्यामुळे यंत्रासाठी कण कापतानाही ही बाटली तिने बाहेर काढली नव्हती.

ती स्टुलावर बसली. आपल्या आयुष्यातला एकमेव शोध आपण बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने टाकाऊ कपाटात ठेवला! आता ही बाटली बाहेर काढायची, तर जगासमोर आधी ती चिठ्ठी वाचायची. कौस्तुभचं यंत्र बरोबर आणि मोरीवाली बाई चूक, हे आपल्याच तोंडाने सांगायचं.

तिने बाटली पुन्हा तळाच्या फळीवर ठेवली आणि कपाटाला कुलूप घातलं. त्या कपाटाला आजवर कधी कुलूप नव्हतं.

उपसा-परवाना समितीची सुनावणी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला झाली. निवृत्त न्यायाधीश श्रीमती आजगावकर अध्यक्ष होत्या. कौस्तुभने वंशवृक्ष दाखवला, सात ठिकाणचं पाणी दाखवलं, आणि म्हणाला की जिचे सगेसोयरे पृथ्वीवर दुसरे कुणी नाहीत अशी एक शार्क त्या कड्यावर राहते, तळ उपसला तर ती जाईल.

कंपनीचे वकील शांतपणे उठले. "सर, हा प्राणी आपण पाहिलाय?"

"नाही."

"कुणी पाहिलाय?"

"अजून नाही."

"आपल्या यंत्राने मालवणच्या टोपलीत मांजरही दाखवलं होतं, असं ऐकतो. कुठल्या तरी भेसळीचं भूत नसेल कशावरून?"

खोलीत खसखस पिकली. आजगावकर बाई हसल्या नाहीत. त्यांनी मुग्धाकडे पाहिलं. "डॉक्टर सामंत, ह्या किनाऱ्यावरची प्रत्येक शार्क आपल्या हाताखालून गेलीय असं म्हणतात. असा प्राणी आपल्या नोंदीत आहे?"

मुग्धा उभी राहिली. खोटं बोलायची तिला गरज पडली नाही. नोंदवहीत तो प्राणी 'विकृत' म्हणून होता, नवा म्हणून नव्हता.

"नवा प्राणी म्हणून अशी कुठलीही नोंद माझ्याकडे नाही," ती म्हणाली.

खाली बसताना तिने कौस्तुभकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो विचारात पडला होता.

समितीने उपशाला परवानगी दिली. जहाज तीस दिवसांनी येणार होतं.

परतताना गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळे रस्त्याकडे बघायचं निमित्तही नव्हतं. कसाल मागे गेल्यावर कौस्तुभ म्हणाला, "माझंच चुकलं असणार. तुझ्या हाताला जो प्राणी बावीस वर्षांत लागला नाही, तो नसेलच. मी उगाच हुरळलो." मग थोड्या वेळाने, "सगळ्या बंदरांवरची यंत्रं परत मागवतो. कुठे भेसळ झाली ते शोधायला हवं."

"काही दिवस तपासून बघ," मुग्धा म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, समजूत घालणाऱ्या बायकोचा.

आणि मग खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं. पुढचे दहा-बारा दिवस तिला गाढ झोप लागली. वार्ताहरांचे फोन थांबले. एका वर्तमानपत्राने 'पाण्यातलं भूत' असा मथळा दिला, तो तिने दोनदा वाचला. किनाऱ्यावर लोक पुन्हा तिला मोऱ्या दाखवू लागले. ती अंगठा ओढून नाव सांगायची आणि माणसं माना डोलवायची. घरी कौस्तुभ गप्प असायचा, जेवण अर्धवट सोडायचा. ती त्याला आग्रहाने वाढायची. इतक्या प्रेमाने ती त्याच्याशी कित्येक महिन्यांत वागली नव्हती.

जहाज यायला पंधरा दिवस राहिले असताना लिलाव संपल्यावर चंद्राक्का तिच्याजवळ येऊन बसली. हातातलं ओलं फडकं पिळत म्हणाली, "बाईंनू, सायब हल्ली दिसनत नाय. त्या जहाजाच्या भानगडीत तेंका लोकांनी खोटा पाडला म्हणतत."

"हो. यंत्रात काहीतरी चूक होती."

"कसली मोरी म्हणी होते ते?"

मुग्धाने उगाचच सांगितलं. कदाचित कुणाला तरी सांगावंसं तिला वाटत होतं. "सहा फटींची. पाठीवर दोन काटे."

"म्हणजे काटेमोरी?" चंद्राक्का म्हणाली. "ती खय नवीन? आमच्या खोलात जाणाऱ्या होडयेत वर्षा-दोन वर्षांतून एखादी येता. माझी सासू भागीरथी म्हणा होती, ही मोरी खाव नये, दर्यात परत सोडूची. काटो लागलो तर हात सुजता."

"काटेमोरी," मुग्धा पुटपुटली.

"अवो, एक तर मीच तुमका आणून दिल्लंय! तुमी नवीन इल्लात तेव्हा. भागीरथी ओरडली माका, सोडूक होयी होती म्हणान. काय केलात तिचा?"

चंद्राक्का तिच्याकडे सहज, उत्सुकतेने बघत होती, दिलेल्या वस्तूची कुणीही चौकशी करावी तशी. नावावरून नवरा-बायकोत एवढं रामायण चाललं होतं, आणि नाव तर केव्हाच दिलेलं होतं. अक्षरओळख नसलेल्या एका म्हातारीने ते आपल्या सुनेला सांगितलं होतं, आणि सोबत हेही सांगितलं होतं की ह्या प्राण्याला मारू नये. तिच्या शहाणपणापुढे मुग्धाची चिठ्ठी केवढी अडाणी होती!

"आहे माझ्याकडे," ती शेवटी म्हणाली. "जपून ठेवलीय." आणि हे म्हणताना तिला जी शरम वाटली, तशी समितीपुढे वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाटली पिशवीत घालून घरी आणली आणि कौस्तुभच्या टेबलावर ठेवली. त्याने आधी प्राणी पाहिला, मग फटी मोजल्या, मग चिठ्ठी वाचली, मग तारीख.

"हे तुला कधी सापडलं?"

"तू फांदी दाखवलीस त्याच दिवशी."

तिला वाटलं होतं तो नेहमीसारखा समजून घेईल. कौस्तुभ उठून उभा राहिला आणि त्याचा चेहरा तिने कधीच पाहिला नव्हता असा झाला. "म्हणजे ओरोसला तुला माहीत होतं. मी तिथे गाढवासारखा उभा होतो. चौदा बंदरांतली यंत्रं परत मागवली मी. रोज रात्री एकेक उघडून बघतोय, कुठे चूक झाली म्हणून. आणि तू मला पोळ्या वाढत होतीस!"

"हो."

"का?"

"मला सहन झालं नाही," मुग्धा म्हणाली. "तुझ्याभोवती लोक जमतात ते. तू माझं नाव घेतोस तेही. मी इतकी वर्षं हात घाण केले आणि प्राणी सापडला तो तुला, पेल्यात. आणि वर तू माझं नाव देऊन मला बाजूला बसवलंस."

तो खुर्चीत बसला आणि बाटलीकडे बघत म्हणाला, "ते मी मुद्दाम केलं."

"काय?"

"तुझं नाव दिलं की तू लेखकांत येत नाहीस, हे मला लगेच सुचलं. आधी तेच सुचलं. तुझा मान वगैरे नंतर." तो तिच्याकडे बघत नव्हता. "अठरा वर्षं ह्या गावात मला माझं नाव नाही, मुग्धा. बाईंचो घोव. तू किनाऱ्यावर चालायला लागलीस की माणसं वाट करून देतात, मी तुझ्यामागून पिशवी घेऊन. एक गोष्ट, एकच, फक्त माझी असावी असं वाटलं. ती तुला मिळू नये असंही वाटलं."

इतकी वर्षं एका ताटात जेवणाऱ्या माणसाच्या मनात आपल्याइतकंच काळं असावं, ह्याचं मुग्धाला आश्चर्य वाटलं, आणि विचित्र असं की थोडं हलकंही वाटलं.

"कण काप," कौस्तुभ कोरडेपणाने म्हणाला. "मणक्याजवळचा. फॉर्मॅलिनने जनुकांच्या चिंध्या झालेल्या असतील, पण नवं यंत्र तुकडे जोडून वाचतं."

तिने कापला. त्याने यंत्रात घातला. अकरा मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं लागली. मग भिंतीवरच्या बिननावाच्या फांदीच्या टोकाला एक ठिपका येऊन बसला.

त्याच दुपारी मुग्धाने समितीला पत्र लिहिलं. बाटलीचा फोटो जोडला, चिठ्ठीचा फोटो जोडला, आणि सुनावणीच्या दिवशी हा नमुना आपल्याला माहीत होता, तरी आपण तो सांगितला नाही, हे सरळ वाक्यात लिहिलं. कौस्तुभने मागून वाचलं. "शेवटचं वाक्य नसतं तरी चाललं असतं," तो म्हणाला. ती म्हणाली, "नसतं चाललं."

परवानगी स्थगित झाली. जहाज आलं नाही. मुग्धाला जे भोगायचं ते तिने भोगलं: संग्रहालयाने तिला प्रमुखपदावरून दूर केलं, आणि देशभरच्या तज्ज्ञांच्या मंडळातून तिचं नाव दोन वर्षांसाठी निघालं. 'विकृत नमुना' हे शब्द विद्यार्थ्यांत चेष्टेचे झाले; ते तिच्या कानावर यायचे. कौस्तुभ तीन महिने कोचीला कामासाठी म्हणून गेला, आणि ते काम तीन महिन्यांचं नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. तो आला तेव्हा फारसं बोलणं न होता दोघांनी शोधनिबंध लिहायला घेतला. फांदीचा भाग त्याने लिहिला. दात, काटे, फटी, पर हे तिने. नावावरून वाद झाला नाही. शास्त्रीय नावाचा पहिला शब्द 'काटेमोरी' आणि दुसरा भागीरथीच्या नावाचा, असं ठरलं. चंद्राक्काला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सासू जिती असती तर कपाळार हात मारून घेतल्यान असतो." नावापुढे 'सामंत आणि सामंत' लागलं. पहिला सामंत कोण, हे दोघांनी ठरवलं, आणि ते कुणालाच कळण्यासारखं नसल्यामुळे कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी जानेवारीत एका रविवारी दोघं नाश्त्याला बसले होते. घावणे आणि नारळाची चटणी. कौस्तुभने बातमी उघडली आणि त्याचा घास तसाच राहिला. मुग्धाने मान वळवून वाचलं. दक्षिणेतल्या तूतुकुडीच्या सेल्वी नावाच्या एकतीस वर्षांच्या शास्त्रज्ञ बाईंना काटेमोरीच्या गणातली दुसरी जाती सापडली होती. दुप्पट मोठी. आणि जिवंत. त्या पाण्यात उतरून तिच्या शेजारी पोहत असल्याचा फोटो होता. बाई हसत होत्या.

मुग्धाने बातमीखालच्या टाळ्यांचा आकडा वाचला, पुन्हा वाचला. तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्याची नजरही तिथेच, अगदी तिथेच होती.

"फटी नीट मोजल्यात का तिने?" कौस्तुभने शेवटी विचारलं.

मुग्धाने फोटो मोठा केला. अंगठा पडद्यावर एकेका फटीवरून सरकवला. "मोजल्यात," ती सुस्कारा टाकून म्हणाली. "काटासुद्धा नेमका दाखवलाय."

"एकतीस वर्षांची."

"हो ना. आणि पोहता पण येतं."

तो आधी हसला की ती, कुणास ठाऊक. पण चटणीची वाटी कलंडेपर्यंत दोघं हसत राहिले. मग मुग्धाने अभिनंदनाचं पत्र लिहायला घेतलं. पहिला मजकूर तिने खोडला, दुसराही. तिसरा तिने मोठ्याने वाचून दाखवला.

"'मनःपूर्वक' काढ," कौस्तुभ घावणा तोडत म्हणाला. "नुसतं 'अभिनंदन' पुरे."

मुग्धाने क्षणभर विचार केला. 'मनःपूर्वक' खोडलं. पुन्हा लिहिलं, आणि त्याला दिसायच्या आत पत्र पाठवून दिलं.